बारा आठवडे, तीनशे मिलीग्रॅम, पंधरा शब्द

ब्राह्मीची बाटली उघडण्याआधीच तीन आठवडे गेले, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडले. रजोनिवृत्तीनंतर बोलता बोलता शब्द अडतो, ओळखीच्या बाईचं नाव ओठांवर येऊन थांबतं, फ्रिज उघडल्यावर काय काढायचं होतं ते आठवत नाही. अशा वेळी हात थेट औषधाच्या दुकानातल्या ‘मेमरी’ लिहिलेल्या डबीकडे जातो. तो आधी रक्त तपासायच्या कागदाकडे जायला हवा.

इस्ट्रोजेन फक्त पाळीशी निगडित नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नवी माहिती साठवणाऱ्या भागातही त्याचं काम चालतं. पाळी मागेपुढे व्हायला लागते त्या वर्षांत हे संप्रेरक खालीवर होत राहतं आणि त्याचा परिणाम लक्ष लागण्यावर होतो. अमेरिकेत मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या ‘स्वान’ अभ्यासात दिसलं, की या संक्रमणाच्या काळात नवं शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबल्यावर बऱ्याच अंशी परत येतो. म्हणजे पन्नाशीतलं विसरणं बहुतेक वेळा डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराची, सुरुवात नसते. स्मरणशक्तीसाठी संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्यात का, याचं एक उत्तर २००३ साली मिळालं. पासष्टीपुढच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर डिमेन्शियाचा धोका कमी होण्याऐवजी दुपटीच्या आसपास गेला. घामाचे लोट आणि झोपमोड यांवर योग्य वयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्या देतात, ती गोष्ट वेगळी. पण केवळ आठवण टिकावी म्हणून त्या देत नाहीत. म्हणूनच वनस्पतींकडे लक्ष वळतं.

रक्तात चार गोष्टी पाहिल्या: बी-१२, टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारा आकडा), हिमोग्लोबिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार सर्रास आढळतं. त्यात मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची रोजची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर ते आणखी घटतं. बी-१२ मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर ब्राह्मी कितीही घेतली तरी विसराळूपणा हटणार नाही, कारण नसांना हवं ते मिळतच नाही. टीएसएचच्या बाबतीत एक गोष्ट प्रयोगशाळेत सहसा कुणी विचारत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर काही पद्धतींनी केलेल्या तपासणीत टीएसएचचा आकडा खोटा कमी येतो. दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद ठेवायचं आणि मगच रक्त द्यायचं.

मग घरातल्या औषधांची पिशवी ओतली. सर्दी-खाजेच्या जुन्या पद्धतीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन, लघवीच्या घाईसाठीची ऑक्सिब्युटिनिन, या सगळ्या ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे आठवणीसाठी मेंदूत लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात आणि आठवण पुसट करतात. ब्राह्मीचा एक उपयोग उलट दिशेने, ॲसिटिलकोलीन टिकवून धरण्याचा मानला जातो. एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने फुंकर घालण्यात अर्थ नाही. या गोळ्या बदलता येतील का, ते आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि ओळखीच्या गल्लीत वाट चुकते, नेहमीचा बँकेचा हिशेब जमेनासा होतो, तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारला जातो, अशी लक्षणं असतील तर अर्क बाजूला ठेवून सरळ मेंदुविकारतज्ज्ञ गाठायचा.

आता मूळ झाड. ‘ब्राह्मी’ या एका नावाने आपल्याकडे दोन वनस्पती विकल्या जातात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. कोकणात कुंडीत, विहिरीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर वाढणारी, लांब देठाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक दातेरी असलेलं गोल पान, तो कारिवणा. संस्कृतात मंडूकपर्णी. रोपवाटिकेत ब्राह्मी मागितली तर बहुधा हेच रोप हातात पडतं. दुसरी नीरब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. हिची पानं जाडसर, मांसल, देठ जवळजवळ नसलेली, समोरासमोर जोडीने, लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. खोड जमिनीला चिकटून सरपटतं आणि प्रत्येक पेराला मुळं फुटतात. फूल लहान, पांढरं, थोडी जांभळट झाक असलेलं. पान चावलं तर कडू, आणि तो कडवटपणा बराच वेळ जिभेवर राहतो. चरकाने मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत जी चार सांगितली, त्यात मंडूकपर्णीचा स्वरस आहे, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण आहे, गुळवेलीचा रस आहे आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा, आहे. म्हणजे कारिवणा काही नकली माल नव्हे, त्याला स्वतःचं स्थान आहे. पण आठवणीवरचे नीट आखलेले प्रयोग जास्त झाले ते नीरब्राह्मीवर. एकीचे निष्कर्ष वाचून दुसरी खाल्ली तर हिशेब कसा लागेल?

चूर्णात हे कळतच नाही. दोन्ही हिरवट-तपकिरी. आम्ही कोमट पाण्यात अर्धा चमचा चूर्ण टाकून झाकणाच्या बाटलीत पंधरा सेकंद जोरात हलवून पाहिलं. दहा मिनिटांनीही बोटभर फेस टिकून होता. हा फेस सॅपोनिनांचा, साबणासारख्या गुणाच्या घटकांचा. नीरब्राह्मीतले बॅकोसाइड सॅपोनिनच आहेत. पण कारिवण्यातही सॅपोनिन असतात, त्यामुळे फेसावरून जात ठरत नाही. फेस अजिबात आला नाही तर माल जुना किंवा भेसळीचा, एवढंच समजतं. म्हणून वेष्टनावर ‘बॅकोपा मोनिएरी’ हे पूर्ण नाव नसेल तर डबी परत ठेवायची. (ब्राह्मी-आवळा तेलाचा आठवणीशी संबंध नाही. डोक्याला लावायचं तेल डोक्यालाच लावावं.)

अर्क निवडताना तीन आकडे पाहिले. एक, गोळीत अर्क किती मिलीग्रॅम. चूर्णाचे मिलीग्रॅम वेगळे आणि अर्काचे वेगळे. दोन, त्यात बॅकोसाइड किती टक्के. लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने बॅकोसाइडांवर अनेक वर्षं काम करून प्रमाणित अर्क तयार केला, त्यात बॅकोसाइडांचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास धरलेलं आहे. बाजारात २० टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत सगळं मिळतं. पण टक्का कोणत्या पद्धतीने मोजला, तेही विचारायला हवं. यूव्ही पद्धत मिळतीजुळती सगळी द्रव्यं एकत्र मोजते म्हणून आकडा फुगतो, एचपीएलसी एकेक घटक वेगळा मोजते म्हणून तोच अर्क तिथे कमी टक्क्यांचा दिसतो. दोन डब्यांची तुलना करायची तर पद्धत एकच हवी. तीन, जड धातूंचा अहवाल, आणि तोही त्याच बॅचचा. नीरब्राह्मी दलदलीत, सांडपाण्याच्या कडेला वाढते आणि कॅडमियम, शिसं, पारा मातीतून ओढून घेते. दूषित पाणी स्वच्छ करायला हिचा उपयोग होतो का, यावर संशोधन झालंय, इतकी ही शोषक आहे. मर्यादा अशा: शिसं दहा लाखांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. अहवाल मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर तो माल घेऊ नये.

अर्क सुरू करायच्या आधी आणखी एक काम होतं, शब्दांच्या याद्या. बारा आठवड्यांनी ‘बरं वाटतंय’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण बरं वाटायला नुसती गोळी घेणंही पुरतं. मानसशास्त्रात शब्दयादीची जी चाचणी वापरतात, तिचीच घरगुती, सोपी आवृत्ती केली. पाच याद्या, प्रत्येकीत पंधरा शब्द. एक यादी अशी: चिंच, कुलूप, विहीर, सोनार, पतंग, मीठ, घंटा, जावई, खिडकी, ढग, नांगर, सुई, पोपट, होडी, राख. आधी होडीच्या जागी पेटी होती. कुलूप आठवलं की पेटी आपोआप यायची, मग तो शब्द आठवल्यात जमा धरता येत नाही, म्हणून काढला. एका यादीत बटाटा आणि कांदा आले होते, तेही काढले.

यादी जाऊबाईंनी वाचली, सेकंदाला एक शब्द, आवाज सपाट ठेवून. हे दिसतं तितकं सोपं नाही. वाचणारी माणसं नकळत शेवटच्या शब्दावर जोर देतात, किंवा आठवत नाही असं दिसलं की ओठ हलवून मदत करतात. तशी मदत झाली की ती फेरी बाद. पाच वेळा वाचायचं, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे शब्द सांगायचे, मग तीस मिनिटं दुसरं काम. दुसरं काम म्हणजे मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या. शब्दकोडं नको, मालिका नको, फोन नको, कारण तिथले शब्द मध्ये घुसतात. तीस मिनिटांनी यादी न वाचता सगळे शब्द पुन्हा सांगायचे. हाच आकडा वहीत लिहायचा. शेजारी आदल्या रात्रीची झोप किती तास, घामाने किती वेळा जाग आली, आणि दिवसाची वेळ. चाचणी नेहमी सकाळी दहाला, नाश्त्यानंतर.

पहिल्या दिवशीचा आकडा टाकून दिला. पहिल्यांदा माणूस खेळ शिकत असतो, दुसऱ्यांदा तो खेळतो. एक आठवड्याने दुसऱ्या यादीवर जो आकडा आला, तो पाया धरला. हे न करता पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तुलना केली असती, तर निव्वळ सरावाने आलेली वाढ ब्राह्मीच्या खात्यावर गेली असती.

मात्रा दिवसाला ३०० मिलीग्रॅम अर्क. बहुतेक प्रयोगांत हीच वापरली आहे. पहिला आठवडा १५० घेतला, दुसऱ्यापासून ३००. रात्रीच्या जेवणाच्या मध्यावर, वरण-भातावर तूप असेल तेव्हा. रिकाम्या पोटी घेऊन पाहिली ती एकदाच. वीस मिनिटांत मळमळ, पोटात मुरडा, आणि दुपारपर्यंत दोनदा जुलाब. कारण तेच सॅपोनिन, आतड्याच्या आतल्या अस्तराला ते झोंबतात. जेवणाबरोबर घेतल्यावर हा त्रास चौथ्या-पाचव्या दिवशी थांबला. दहा दिवसांनीही थांबला नसता तर औषध थांबवायचं ठरलं होतं. थोडी सुस्ती येते, म्हणून रात्रीची वेळ बरी पडते. अर्क मिळत नसेल तर चूर्ण दिवसाला १ ते ३ ग्रॅम घेतात, पण त्यात बॅकोसाइड किती जातात ते सांगता येत नाही. म्हणून मोजून पाहायचं असेल तर अर्कच.

नाडी आठवड्यातून दोनदा, उठल्या उठल्या, पूर्ण साठ सेकंद मोजली. ब्राह्मीने ॲसिटिलकोलीन वाढलं तर ठोके मंदावू शकतात, आणि पन्नाशीत रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी अनेकींना चालू असते. दोन्ही एकत्र असतील आणि ठोके साठच्या खाली जायला लागले, चक्कर आली, तर अर्क बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. डिमेन्शियासाठीची डोनेपेझिल चालू असेल तर ब्राह्मी नको, दोघांचं काम एकाच दिशेचं असल्याने त्रास वाढतो. उंदरांवरच्या प्रयोगात मोठ्या मात्रेने थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं दिसलं होतं, म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावं. रक्त पातळ करणारं औषध, फिटचं औषध, स्तनाच्या कर्करोगानंतरचं टॅमॉक्सिफेन, यांपैकी काहीही चालू असेल तर स्वतःच्या मनाने सुरुवात करायची नाही. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ब्राह्मी चालू असल्याचं भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

पाचव्या आठवड्यात बहुतेक जणी सोडून देतात. तोवर काहीही वेगळं जाणवत नाही. २००१ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगात पाचव्या आणि बाराव्या आठवड्याला तपासणी झाली होती, आणि फरक स्पष्ट दिसला तो बाराव्यालाच. ब्राह्मी कॉफीसारखी त्याच दिवशी तरतरी देत नाही. एका बसण्यात एक गोळी घेऊन परीक्षेला जाणं निरर्थक, ते याच कारणाने. नंतर २००८ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या ५४ जणांवर बारा आठवडे ३०० मिलीग्रॅमचा प्रयोग झाला, त्यात शब्द उशिराने आठवण्यात खऱ्या अर्कवाल्यांची प्रगती खोट्या गोळीवाल्यांपेक्षा चांगली होती. आणखी एका प्रयोगात, ४० ते ६५ वयोगटात, नव्याने शिकलेलं कमी विसरलं गेलं. हे सगळे प्रयोग लहान आहेत, त्यात पुरुषही आहेत, आणि डिमेन्शिया टळतो असं त्यांतल्या एकानेही दाखवलेलं नाही. ‘मेंदूचं रक्षण’ असं ठळक अक्षरांत छापणाऱ्यांनी हे बारीक अक्षरांत तरी छापायला हवं होतं.

सहाव्या आठवड्याला तिसरी यादी. आकडा जवळजवळ तोच. बाराव्या आठवड्याला पायापेक्षा दोन शब्द जास्त. वहीत शेजारीच लिहिलेलं होतं, की त्या आठवड्यात घामाने जाग येण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले होते. मग दोन शब्द ब्राह्मीचे की झोपेचे? दोन्हीचे असू शकतात, आणि एका माणसाच्या वहीतून ते वेगळं काढता येत नाही. वहीत झोप लिहिलेली नसती तर हा प्रश्न पडलाच नसता.

ब्राह्मी घृत अनेक घरांत करतात, म्हणून तेही करून पाहिलं. पारंपरिक पाठात वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी असते. वेखंडातला बीटा-ॲसारोन घातक असल्याने आणि खरं कोष्ठ हिमालयातून नाहीसं होत चालल्याने ते दोन्ही वगळले, कल्कही ब्राह्मीचाच घेतला. प्रमाण एकास चारास सोळा: कल्क ५० ग्रॅम, गाईचं तूप २०० ग्रॅम, ताज्या पाल्याचा रस ८०० मिलिलिटर. तेवढ्या रसाला पावसाळ्यात दीड-दोन किलो पाला लागतो. चिखलातली वनस्पती, त्यामुळे पाच पाण्यांनी धुतली, मुळं छाटली. जाड बुडाचं, कल्हईचं, रुंद पातेलं घेतलं, कारण रस उकळताना फेस वर चढतो आणि अरुंद भांड्यातून ऊत जातो. आच सुरुवातीपासून मंद.

तीन तासांनी पाणी आटत आलं की खरी कसोटी. कालथ्याने तळाचा कल्क थोडा काढून दोन बोटांत वळला. पहिल्यांदा तो बोटांना चिकटला, म्हणजे पाणी शिल्लक. दहा मिनिटांनी पुन्हा वळला, तर त्याची सरळ वात झाली आणि बोटं कोरडी राहिली. ती वात विस्तवावर धरली, तडतड आली नाही. त्याच वेळी तुपावरचा फेस खाली बसला. ही तीन लक्षणं जुळली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच सुती फडक्यातून गाळायचं. पाच मिनिटं जास्त झाली तर कल्क कडक, काळा होतो आणि तुपाला करपट वास लागतो. पाच मिनिटं कमी झाली तर पाणी आत राहतं आणि पंधरा दिवसांत तूप बुरसतं. पण या तुपात बॅकोसाइड किती उतरले, ते कोणीही मोजून दिलेलं नाही, त्यामुळे घृत हा ३०० मिलीग्रॅम अर्काचा पर्याय धरता येत नाही. चमचाभर तुपातल्या ४५ कॅलरी आणि रजोनिवृत्तीनंतर वाढणारं कोलेस्टेरॉल, दोन्ही जमेस धरून ते जेवणातल्या तुपाच्या बदली घ्यायचं, वरून नाही.

बाकीच्या वनस्पतींबद्दल थोडक्यात. गिंको बिलोबावर पंचाहत्तरीपुढच्या ३,०६९ जणांचा मोठा प्रयोग झाला, दिवसाला दोनदा १२० मिलीग्रॅम, निकाल २००८ साली आला: डिमेन्शिया कमी झाला नाही. शिवाय ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाची भीती. अश्वगंधेने झोपेला मदत होते, पण काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, कावीळ झालेल्यांनी दूर राहावं. हळदीचा अर्क मिरीच्या पिपेरिनबरोबर दिला तर जास्त शोषला जातो, आणि यकृताच्या तक्रारीही अशाच गोळ्यांबाबत वाढल्या आहेत. भाजीतली हळद निर्धोक. सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनांवर, म्हणजे इस्ट्रोजेनशी मिळत्याजुळत्या घटकांवर, रजोनिवृत्त स्त्रियांचाच अडीच वर्षांचा प्रयोग झाला, एकूण आकलनात फरक पडला नाही. शंखपुष्पी म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वेली विकल्या जातात. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांनी शंखपुष्पीचं सरबत टाळावंच, त्याने औषधाची रक्तातली पातळी घसरून फिट येऊ शकते. हे १९९२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे.

बारा आठवडे झाल्यावर अर्क थांबवला. चार आठवड्यांनी, सकाळी दहाला, नाश्त्यानंतर, जाऊबाईंनी पाचवी यादी वाचली. तीस मिनिटांनी जो आकडा आला, तो बाराव्या आठवड्यापेक्षा एकाने कमी आणि पायापेक्षा एकाने जास्त. शेजारी झोपेचे सात तास लिहिले, तारीख टाकली, आणि पुढच्या वेळेसाठी पंधरा-पंधरा शब्दांच्या नव्या याद्या करायला घेतल्या.